कढईतला शुक्र

शुक्र या ग्रहावर माणूस राहूच शकत नाही असं शास्त्रज्ञ म्हणतात, याचं कारण त्यांची आणि माझ्या साडूंची ओळख नाही. माझे साडू गेली पंधराएक वर्षं शुक्रावरच असतात. जेवायला, झोपायला आणि हळदीला पाणी सोडायला तेवढे ते कुरुंद्याला उतरतात, आणि ही कामं उरकली की पुन्हा वर जातात. नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साडू हे नातं मोठं गमतीचं आहे. ना रक्ताचं, ना मैत्रीचं. दोघांनी एकाच सासऱ्याच्या दारात चपला काढल्या एवढाच काय तो संबंध. पण डोंगरकड्याच्या सासुरवाडीत त्यांच्या शेजारी पाटावर बसून मी इतकी वर्षं जेवलो आहे, की आता गंधकाचा वास आल्याशिवाय मला पुरणपोळी गोड लागत नाही. हो, गंधकाचा. साडू दारात येण्याआधी दोन मिनिटं त्यांचा वास येतो. हिंगोलीच्या एसटीत कितीही गर्दी असली तरी त्यांच्या शेजारची जागा रिकामी असते, आणि ते तिथे शांतपणे पिशवीतले दगड ठेवतात. मी हिंगोलीच्या एका शाळेत मराठी शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात आणि शास्त्रातलं मला काडीचंही कळत नाही असं धरून चालतात. दोन्ही खरं आहे.

या वेडाची सुरुवात वाटणीपासून झाली. तिघा भावांत जमीन वाटली तेव्हा दोघांना काळी कसदार रानं गेली आणि साडूंच्या वाट्याला चुनखडीचा तुकडा आला. भांडण करायचं तर आवाज चढवावा लागतो, आणि साडूंचा आवाज चढत नाही. हळद कशी, जमिनीखाली पिवळी आणि जमिनीवर हिरवी असावी. यांची वरच पिवळी पडायची. खताच्या दुकानदाराने सांगितलं, गंधक टाका. यांनी टाकला. पुढच्या वर्षी पुन्हा टाका म्हणाला, यांनी पुन्हा टाकला. तिसऱ्या वर्षी मात्र त्यांनी विचारलं, "पर त्या गंधकाचं व्हतं काय?" दुकानदार म्हणाला, "ते रान बघून घेतं." दुसरा कुणी असता तर पुडकं काखेत मारून घरी गेला असता. साडू दुकानाच्या पायरीवर बसले आणि बांधून दिलेल्या पुडक्याचा कागद सोडून वाचू लागले. तो कुठल्याशा वर्तमानपत्राच्या पुरवणीचा तुकडा होता आणि त्यावर शुक्राची माहिती होती. तिथे आकाशभर गंधकाच्या तेजाबाचे ढग आहेत. पाऊस पडतो तोही तेजाबाचा, आणि जमिनीवर पोचायच्या आधीच त्याची वाफ होते. खालची जमीन आपल्यासारख्याच काळ्या दगडाची, आणि ती जमीन हवेतला गंधक पीत राहते. साडू तो कागद घेऊन थेट हिंगोलीला माझ्याकडे आले. त्यांचे डोळे पाणावले होते. "मास्तर," ते म्हणाले, "आपल्याच रानासारखं रान हाये वर. नुसतं चारशेसाठ डिग्रीवर."

त्या दिवसापासून त्यांना एकच प्रश्न पडला, आणि तो त्यांनी भेटेल त्याला विचारला. जमीन जर एवढी तहानलेली आहे, तर इतक्या कोट्यवधी वर्षांत तिने हवेतला सगळा गंधक पिऊन टाकायला हवा होता. मग तो अजून उरला कसा? एक तर दगड वरवर पितो, त्याच्यावर खपली धरते आणि मग गंधकाला आत जाता येत नाही. नाही तर दगड आतपर्यंत पितो आणि जमिनीच्या पोटातून ज्वालामुखी पुन्हा पुन्हा गंधक वर भरतात. "पिणारं रान दिसून राहिलं," ते म्हणत, "पर खालून भरणारं कोन हाये?" हा प्रश्न त्यांनी ग्रामसेवकाला विचारला, कृषी सहायकाला विचारला, कीर्तनकाराला विचारला. कीर्तनकारबुवांनी उत्तर दिलं, पण ते साडूंना चाललं नाही. शेवटी त्यांनी एका मोठ्या विज्ञानसंस्थेला पोस्टकार्ड टाकलं आणि नवल म्हणजे तिकडून छापील उत्तर आलं: आपल्या उत्सुकतेचे कौतुक वाटते, काही प्रयोग केल्यास निष्कर्ष अवश्य कळवावेत. असली उत्तरं सगळ्यांनाच जातात हे मला ठाऊक होतं. साडूंनी मात्र त्याला लॅमिनेशन केलं आणि संस्था आपल्या निष्कर्षांसाठी खोळंबून बसली आहे असं समजून ते कामाला लागले.

कामाला लागले म्हणजे आधी त्यांनी खिशात रुमाल ठेवायला सुरुवात केली. हा रुमाल हळदीत बुडवून वाळवलेला असे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आंबट लागलं की पिवळीच राहते, हे आपल्या बायकांना कुंकवामुळे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. साडूंनी त्याचं यंत्र केलं. कुणाच्याही घरी गेले की ते रुमालाचं टोक पाण्यात बुडवत, विहिरीत सोडत, भिंतीला लावत. एकदा आमच्याकडे पापडाचं पीठ मळलेलं होतं. माझी बायको पाणी आणायला आत गेली तेवढ्यात यांनी त्यात टोक खुपसलं, ते लालभडक झालं, आणि चार शेजारणींसमोर यांनी निकाल दिला, "पापडखार लई पडला, ताई." पापड खरोखरच खारट झाले. ते मी वर्षभर मुकाट्याने खाल्ले. बायकोने साडूंना तेव्हापासून स्वयंपाकघराचा उंबरा बंद केला आहे.

मग धोंड्याचा महिना आला. आमच्या सासऱ्यांनी दोन्ही जावयांना डोंगरकड्याला जेवायला बोलावलं आणि जेवणं झाल्यावर काय हवं ते मागा म्हणाले. मी लाजत लाजत अंगठीचा विषय काढला. साडूंनी परसात पालथी पडलेली जुनी लोखंडी कढई मागितली. पूर्वी तीत हळद शिजवत. वाफेचे कुकर आल्यापासून तिच्यावर कोंबड्या बसत. सासरे म्हणाले, "जावईबापू, काहून चेष्टा करून राहिले?" पण साडू गंभीर होते. चार गड्यांनी ती कढई टेम्पोत चढवली. परतीच्या वाटेवर मी बोटातल्या अंगठीकडे बघत होतो आणि साडू मागच्या कढईकडे. आमच्या दोघांत सुखी कोण होतं, हे मला आता सांगता येत नाही.

ती कढई म्हणजे त्यांचा शुक्र. दरवर्षी हळद शिजवण्याचा हंगाम आला की घरामागच्या विहिरीजवळच्या चुलाणावर ती चढे. आत दगड, थोडं पाणी, वाटीत जळता गंधक, वर पत्र्याचं झाकण, झाकणावर शेणमातीचा लेप. आठ दिवस जाळ. मग दगड बाहेर काढून वर्षभर निंबाखाली ओळीने मांडायचे. असे बारा हंगाम करायचे आणि मग घणाने दगड फोडून गंधक किती आत गेला ते बघायचं, असा त्यांचा बेत होता. "चारशेसाठ डिग्री आपल्याच्यानं व्हत न्हाई," ते कबूल करत, "पर नियत बराबर हाये." त्यांची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. सुवाच्य अक्षरात ती वहीत नोंदी करी: आज धूर पांढरा. आज दगड क्रमांक तीन तडकला, पण चालेल. आज आई रागावली. त्या आठ दिवसांत साऱ्या गल्लीला खोकला लागे. मात्र डासही पळून जात, त्यामुळे लोक शिव्या देता देता आभार मानत.

दगड त्यांनी आठ जमवले होते: पाच काळे, तीन चुनखडीचे. आठवा कढईत मावला नाही. तो मावला असता तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

विहिरीच्या काठी, झाडाखाली, ओळीने सात दगड मांडले की त्या साती आसरा होतात, पाण्यातल्या सात बहिणी. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही समजतं. ज्यांना शुक्रावरचं सगळं समजत होतं त्या साडूंना तेवढं समजलं नाही. त्यात ते दगड गंधकाने पिवळेधमक झालेले. तिसऱ्या हंगामानंतर तांड्यावरची एक म्हातारी हळद काढायला आली, तिने ते पाहिले, पदर डोक्यावर घेतला आणि कुंकवाची बोटं ओढून गेली. तिची आजारी शेळी त्याच आठवड्यात उठून उभी राहिली. झालं. दुसऱ्या मंगळवारी नारळ आला, तिसऱ्या मंगळवारी हिरवा चुडा. साडू कासावीस झाले. कुंकवात चुना, आणि चुना गंधक पितो. म्हणजे दगडाने किती प्यायला आणि कुंकवाने किती, याचा पत्ता लागायचा कसा? त्यांनी पाटी लावली: "हे देव नाहीत. येथे प्रयोग चालू आहे. कृपया हळदकुंकू वाहू नये." दुसऱ्या दिवशी पाटीलाही कुंकू लागलेलं होतं. त्यांनी म्हातारीला गाठून समजावलं, तर ती म्हणाली, "बापू, कोनता देव सोताच्या तोंडानं मनतो का, मी देव हाय मनून?" मग तडजोड झाली. चौथ्या दगडाला हवं तेवढं कुंकू लावा, बाकीच्यांना हात लावू नका. बायकांनी पंधरा दिवस ते पाळलं आणि मग एक जण हळहळली, "एकीला जेवू घालायचं आन् सहा बहिनी उपाशी?" तडजोड मोडली. साडू रोज पहाटे दगड पुसू लागले आणि बायका रोज सकाळी पुन्हा लावू लागल्या. वर्षानुवर्षं हे असं चाललं, आणि गावात बोलवा झाला की देवाची एवढी सेवा करणारा माणूस पंचक्रोशीत नाही.

भटजींचं आणि साडूंचं मात्र कधी जमलं नाही. आपल्याकडे शुक्राचा अस्त असला की लग्नं लागत नाहीत. लग्नाची बोलणी चालू असताना भटजींनी "सध्या शुक्रास्त आहे" एवढं म्हणायचा अवकाश, की साडू सतरंजीवर पुढे सरकत. "अस्त कशाचा गुरुजी? तो सूर्याच्या अंगाला गेला मनून दिसत न्हाई. तुमी घरात गेले तर तुमचा अस्त झाला का?" एकदा तर त्यांनी भर बैठकीत सांगून टाकलं, की ज्या ग्रहाकडून तुम्ही संसाराचं सुख मागता तिथे वरून तेजाब आहे, खालून आग आहे आणि दाब नव्वदपट आहे. वरपक्षातला एक वयस्कर गृहस्थ मान हलवत म्हणाला, "मंग बराबर हाये की. संसार हाये तो." पण सगळेच असे समजूतदार नसतात. आमच्या सासऱ्यांनी त्यांना बैठकीत बसायची बंदी केली. साडूंनी त्याचं उट्टं स्वतःच्या मुलीच्या लग्नात काढलं. गोरेगावचं स्थळ, मुलगा शहाणा, कशालाच हरकत नाही. साडूंनी हट्टाने ऐन शुक्रास्तात तारीख धरली. मंगल कार्यालय मोकळं, बँड मोकळा, आचारी मोकळा, आणि पाहुणेही मोकळे, कारण त्या महिन्यात जिल्ह्यात दुसरं लग्नच नव्हतं. असं टुमदार लग्न मी पुन्हा पाहिलं नाही. साडू मांडवातून छाती काढून फिरत होते.

पुढे पाच वर्षांत त्या पोरीला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातलं टिकलं नाही. साडूंच्या तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. पण तेराव्याला, बारशाला, दळणाच्या रांगेत बायका कुजबुजत, अस्तातलं लगीन, दुसरं काय. साडूंनी ते ऐकलं असणार. कारण त्यांनी भटजींशी वाद घालणं सोडून दिलं, आणि बंदी उठल्यावरही ते मांडवाच्या कडेला बसू लागले. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, याची अजून खंत वाटते.

बारावा हंगाम आला तेव्हा पोरीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, सातवा महिना होता, आणि नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी विश्रांती सांगितल्यामुळे ती माहेरी कुरुंद्याला आली होती. साडूंचा मला फोन आला. "मास्तर, कढई उतरली. रविवारी सांजच्याला दगड फोडायचे. साक्षीदार पायजे. शुक्र पच्छिमेला हाये, त्याच्या डोळ्यांदेखत फोडू." मी गेलो. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, चहा घेऊन आली आणि कपावरचा हात न काढता म्हणाली, "भाऊजी, तुमी शिकले-सवरलेले. ह्यान्ला सांगा. बारा वर्सं मी त्या कढईचा धूर खाल्ला, एका शब्दानं बोलले न्हाई. पर मी त्या सात जनींला नवस बोलले. लेकरू सुखरूप हातात येऊ द्या, मंग सारा डोंगर फोडा मनावं." मी म्हटलं, सांगतो. मी सांगायला गेलो, आणि साडूंनी मला घण धरायला दिला.

ते न्हाऊन धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. सदऱ्याला तेजाबाची भोकं होती, पण इस्त्री कडक होती. लॅमिनेशन केलेलं पत्र त्यांनी निंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवलं. तांड्यावरची म्हातारी बांधावर येऊन बसली होती. रागावलेली नव्हती, नुसती बघत होती. अक्का बाहेर आलीच नाही. शेवटची नोंद करायला पोरगी वही घेऊन आली, एक हात कमरेवर आणि एक झाडाला. "आज कळंल, मास्तर," साडू मला म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. त्यांनी घण घेतला. पहिला दगड चुनखडीचा. त्यावर दुपारीच कुणीतरी ताजं कुंकू लावलं होतं. कुणी, ते विचारायची गरज नव्हती. साडूंनी सवयीने रुमाल काढून ते पुसलं. पिवळा रुमाल लाल झाला. तो त्यांनी उलगडून पाहिला आणि पुन्हा घडी घातली.

पोरगी म्हणाली, "फोडा बाबा. आईचं मी बघते. दगड हायत ते. तुमीच शिकवलं न्हाई का मला?"

साडूंनी तिच्याकडे पाहिलं. "तू हुभी काहून हायस? बस न खाली."

"बसते. तुमी फोडा."

त्यांनी घण उचलला. मी डोळे मिटले. आवाज काही आला नाही. डोळे उघडले तेव्हा घण मातीत उभा होता आणि साडू दोन्ही हात त्याच्या दांड्यावर ठेवून जमिनीकडे बघत होते.

"आज जमत न्हाई," ते म्हणाले.

"काहून?" मी विचारलं.

"शुक्राचा अस्त चालूय. अशात मोठं काम काढू नये."

समोर पश्चिमेला, निंबाच्या शेंड्याच्या थोडा वर, शुक्र असा लखलखत होता की आंधळ्यालाही दिसावा. म्हातारीने वर पाहिलं, मग साडूंकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं. पोरीने वही उघडली आणि आपल्या त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं: काम पुढे ढकललं. कारण, शुक्रास्त. घरात गेलो तर अक्का चुलीपुढे पाठ करून बसली होती आणि तिने आम्हाला न मागता दुसरा चहा दिला.

मुलगी झाली, नांदेडला, सुखरूप. नवस फेडायच्या दिवशी नैवेद्याचं ताट साडूंनीच विहिरीवर नेलं. याला आता दोन वर्षं झाली. दगड तिथेच आहेत आणि ते कुणी पुसत नाही. संस्थेला साडूंनी एकच कार्ड टाकलं, 'प्रयोग चालू आहे' एवढंच. कढईत पाणी भरून नात डुंबत असते. मला याचं थोडं वाईट वाटतं. त्यांना ते कळायला हवं होतं. बारा वर्षं धूर गिळून माणसाने एक साधा प्रश्न विचारला, त्याचं उत्तर घणाच्या एका घावावर होतं, आणि तो घाव त्यांनी घातला नाही. तहानलेलं रान किती खोलवर पितं, खालून भरणारं कोण आहे, ते दगडातच राहिलं. मी प्रत्येक खेपेला विचारतो, "साडूभाऊ, अस्त सुटला का?" आणि ते म्हणतात, "न्हाई मास्तर, अजून चालूय."

परवा गेलो होतो तेव्हा सांजच्या वेळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. नात त्यांच्या मांडीवर होती, तिच्या बोटांना कुंकू लागलेलं, आणि साडूंच्या सदऱ्यालाही. एकाएकी ती पश्चिमेकडे बोट करून ओरडली, "आबा, ते!" निंबावर शुक्र आला होता, टपोरा.

साडूंनी तिचं बोट हळूच मुठीत धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेकराची नजर चांगली हाये. आपल्याला काई दिसत न्हाई. व्हय ना, मास्तर?"

मी म्हटलं, "नाही दिसत."